लॉग झाकले तर रात्री बिघाड सापडणार कसा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘मॉनिटरिंगच्या लॉगमध्ये ग्राहकाची माहिती जाऊ देऊ नका’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल आभार. लॉग म्हणजे सिस्टिम चालताना आपोआप लिहिली जाणारी नोंदवही. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: रात्री 2 वाजता सिस्टिम अडते तेव्हा ऑन-कॉल, म्हणजे बिघाड बघायची पाळी असलेल्या, माणसाला पूर्ण रिक्वेस्ट, म्हणजे ग्राहकाकडून आलेली मागणी आतल्या माहितीसकट, दिसलीच पाहिजे. सगळं झाकून ठेवलं तर 30 सर्व्हिसच्या (एकमेकींना काम देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) गुंत्यात चूक कुठे आहे ते कळणार नाही. शिवाय लॉग आपल्याच नेटवर्कमध्ये असतात, बघणारी माणसंही आपलीच, मग एवढी भीती कशाला?

एक गोष्ट आधीच मान्य करतो. काय लिहू नये ते मी सांगितलं, पण त्याऐवजी काय लिहावं ते सांगितलं नाही. ही उणीव भरून काढायलाच हवी. ‘आपलीच माणसं’ या मुद्द्यावर मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही.

मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. डेटाबेसमध्ये पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द उलटा काढता येणार नाही अशा रूपात, ठेवले जात होते, तिथे काही चुकलं नव्हतं. पण हॅश होण्याआधीच ते एका अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. पुढच्याच वर्षी फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत साठ्यात वाचता येतील असे पडून असल्याचं कबूल केलं. त्यापायी सप्टेंबर 2024 मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटाला 9.1 कोटी युरोंचा दंड केला. दोन्हीकडे बाहेरून कोणी शिरल्याचं आढळलं नव्हतं. लॉग आपल्याच घरात होते.

एक रिक्वेस्ट 8 सर्व्हिसमधून जाते आणि प्रत्येक सर्व्हिस आपापली प्रत लिहिते. त्या साऱ्या प्रती एका मध्यवर्ती साठ्यात येतात, तिथून बॅकअपमध्ये जातात. डेटाबेसला कुलूप असतं, पण लॉगच्या शोधखिडकीत चार दिवसांपूर्वी रुजू झालेलाही डोकावू शकतो. ग्राहकाने खातं बंद केलं तर डेटाबेसमधून त्याची नोंद जाते, लॉगमध्ये मात्र ती तशीच राहते. एका जुन्या कामावर मी त्या खिडकीत नुसतं ‘बेअरर’ टाइप केलं होतं. हा शब्द ज्यांच्याआधी लिहिला जातो ते टोकन, म्हणजे लॉगिन केल्यावर मिळणारे प्रवेशपास, पानभर आले, त्यातले काही तेव्हाही चालू होते. त्यातलं एक उचललं असतं तर पासवर्डाशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरता आलं असतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आता तुमच्या रात्री 2 च्या बिघाडाकडे येतो. त्या वेळी सर्वांत आधी हवं असतं ते रिक्वेस्ट कुठून कुठे गेली आणि कुठे अडली हे. त्यासाठी मजकूर लागत नाही. गूगलने 2010 मध्ये आपल्या डॅपर या ट्रेसिंग (रिक्वेस्टचा माग ठेवणाऱ्या) व्यवस्थेवर पेपर प्रसिद्ध केला. एवढ्या पसाऱ्यातही डॅपर मेथडचं, म्हणजे बोलावलेल्या कामाचं, नाव आणि वेळ टिपत होतं, पेलोड, म्हणजे आतला मजकूर, नाही. कोणाला जास्तीचं काही नोंदवायचं असेल तर ते त्याने कोडमध्ये मुद्दाम लिहायचं. मला हीच दिशा योग्य वाटते. लॉगची एक ओळ अशी असू शकते:

‘पेमेंट नाकारलं, ट्रेस 77304191, ग्राहक-खूण 550826, कार्ड-फील्ड: 16 अंक, चेकसम चूक, प्रयत्न 3, 2140 मिलिसेकंद’

ही ओळ वाचून बिघाड कळतो (चेकसम, म्हणजे कार्डाचे अंक बरोबर आहेत का हे तपासणारा हिशेब, जुळला नाही), ग्राहक कळत नाही. ग्राहक-खूण म्हणजे गुप्त की वापरून काढलेला हॅश, एचमॅक. साधा हॅश इथे चालत नाही: खूण फोन नंबरावरून काढली असेल तर सगळे नंबर हॅश करून जुळवून पाहता येतात. दहा अंकी फोन नंबरच्या शक्यता फार तर 1000 कोटी, आणि त्या सगळ्या तपासायला आजच्या ग्राफिक्स कार्डाला मिनिटही लागत नाही. की असेल तर हा मार्ग बंद होतो, मात्र की लॉगच्या साठ्यापासून दूर हवी. एकाच ग्राहकाच्या सगळ्या ओळी मात्र जुळवता येतात, आणि तुम्हाला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

मास्किंगची, म्हणजे माहिती झाकणारी, गाळणी लावतानाही ‘हे वगळा’ अशी यादी करू नका, ‘एवढंच जाऊ द्या’ अशी करा. उद्या कोणी ‘मोबाइल’चं ‘संपर्क’ केलं की पहिली यादी गपचूप हुकते. मेट्रिक्सचं, म्हणजे मोजमापाच्या आकड्यांचं, तर सोपं आहे: ते साठवणाऱ्या प्रोमिथियसच्या लेबलमध्ये ईमेल घातला की गोपनीयता जाते आणि, दर ईमेलमागे वेगळी मालिका तयार होत असल्याने, सर्व्हरची मेमरीही.

तरीही कधीकधी चूक माहितीतच दडलेली असते, हा तुमचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडे ‘ऱ्ह’ असलेलं आडनाव शोधात सापडेना. स्क्रीनवर शोधलेलं आणि साठवलेलं, दोन्ही नावं हुबेहूब सारखी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: साधा र, हलन्त, अदृश्य जोडक आणि ह, किंवा नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह. नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, या दोहोंना एक करत नाही. लॉगमध्ये आम्ही नाव लिहिलंच नव्हतं. ‘आलेली लांबी 8, साठवलेली 7, अदृश्य अक्षरं 1’ एवढंच होतं, आणि त्यावरूनच उलगडा झाला. पूर्ण नाव दिसलं असतं तर उलट डोळे फसले असते.

एवढ्यानेही भागलं नाही तर तातडीची परवानगी ठेवा: एकाच ग्राहकापुरती, तासाभराची, कारण लिहून, दुसऱ्या माणसाच्या संमतीने. वेळ संपली की ती आपोआप बंद व्हावी, आणि कोणी काय पाहिलं याची नोंद पाहणाऱ्याला पुसता येऊ नये.

मेमरी डंपवर मात्र यातलं काहीच चालत नाही. प्रोसेस कोसळते तेव्हा तिच्या पोटात असलेलं सगळं, पासवर्ड आणि कीसुद्धा, फाइलमध्ये उतरतं. म्हणून आम्ही डंप लॉगच्या साठ्यात जाऊच देत नाही. ते एन्क्रिप्ट होऊन वेगळ्या जागी जातात, दोघांनाच उघडता येतात आणि 7 दिवसांनी नष्ट होतात. तुमच्याकडे ते कुठे जमा होतात, एवढं या आठवड्यात पाहून मला नक्की कळवा.