"टॅक्स आम्ही भरतो" यातले 'आम्ही' म्हणजे नक्की कोण?

२०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेने कचरा उचलायचे वेगळे पैसे घ्यायचा मसुदा काढला, छोट्या घराला महिन्याला शंभर, मधल्याला पाचशे, मोठ्याला हजार, आणि तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर जो भडका उडाला तो अजून पूर्ण विझलेला नाहीये. भावोजींचं म्हणणं एकच, "टॅक्स आम्ही भरायचा, माफी बाकीच्यांनी घ्यायची आणि खड्डे सगळ्यांनी मिळून चुकवायचे." वाक्य झकास आहे, मी पण हसले. पण मग गाडी माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे बघ, टॅक्स दणकून घेतात पण निदान मिळतं तरी!"

आता मी राहते इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमपासून ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे हे ऐकून काय बोलावं तेच कळेना. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर करून टाकलं की आमच्याकडे पैसे संपले. बायकांना वर्षानुवर्षं कमी पगार दिला त्याची थकलेली देणी, कोट्यवधी पौंड घालून चालेना झालेली कॉम्प्युटर सिस्टीम, वरून सरकारी अनुदानाला लागलेली कात्री, सगळं एकदम अंगावर आलं. मग पुढच्या वर्षी कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, ९.९९ टक्के वाढवला, त्याच्या पुढच्या वर्षी अजून ७.४९ टक्के, आणि त्याच २०२५ च्या मार्चमध्ये कचरावाल्यांचा बेमुदत संप सुरू झाला. रस्त्यांवर हजारो टन कचरा साचला, काळ्या पिशव्यांचे ढीग, उंदीर, आणि लोकांच्या खात्यातून वाढीव हप्ते मात्र दर महिन्याला बिनबोभाट कापले जात होते. तेव्हा इकडे सगळं छान आणि तिकडे सगळा आनंदीआनंद असं मला कोणी सांगू नका, आणि इकडच्या लोकांनी तिकडच्यांना तर अजिबातच सांगू नये. सुट्टीत घरी येऊन हातात पाण्याची बाटली धरून सिव्हिक सेन्सवर भाषण देणारा एनआरआय हा प्राणी मला स्वतःलाच सहन होत नाही.

शिवाय तुलना करायची तर नीट करा ना. इथल्या कौन्सिलकडे हॉस्पिटल नाही, पाणी नाही. पाण्याचं बिल वेगळ्या खाजगी कंपनीचं येतं आणि चांगलं चिमटा बसेल असं येतं. डॉक्टर केंद्र सरकारच्या खर्चाने, पण अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसायचं. मुंबईची पालिका सात तलावांतून पाणी आणते, घरगुती दर हजार लिटरला सहा-सात रुपयांच्या आसपास, आणि वर केईएम, सायन, नायर, कूपर ही हॉस्पिटलं चालवते. केईएम २०२६ मध्ये शंभर वर्षांचं झालं. तिथे दहा रुपयांच्या केसपेपरवर जे होतं ते जगातल्या फार कमी शहरांच्या नगरपालिका करत असतील. रांगा भयंकर आहेत, बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात, मान्य. पण "टॅक्सचं काय मिळतं" म्हणणाऱ्या बहुतेकांनी सरकारी हॉस्पिटलची पायरी चढलेलीच नसते, त्यामुळे ते त्यांच्या हिशोबात येतच नाही.

आणि मुख्य भांडण, टॅक्स भरतं कोण. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. मुलुंडचं घर आईच्या आणि माझ्या नावावर, चारशे फुटांच्या आत, म्हणजे भावोजींच्या व्याख्येने मीच फुकटी! पण आकडे बघा. २०२५-२६ चं पालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं, आणि त्यात मालमत्ता करातून अपेक्षित होते ५,२०० कोटी. म्हणजे खर्चाच्या शंभर रुपयांमागे सात रुपये. त्याच्या जवळपास तिप्पट पैसे येतात जकातीच्या बदल्यात राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईचे, कारण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईच्या नाक्यांवरची जकात गेली. जीएसटी कोण भरतं? साबण घेणारा प्रत्येक जण. गोवंडीतली बाई भरते, आमची आई भरते, टॉवरमधले भावोजी पण भरतात. त्यामुळे 'आम्ही टॅक्सपेअर' आणि 'ते फुकटे' ही जी भिंत आहे ना ती फक्त बिल कोणाच्या नावाने येतं एवढ्यावरच उभी आहे. (लाडकी बहीणवर पण हेच भांडण होतं, पण तो राज्याचा पैसा, त्यावर परत कधीतरी.)

पण भावोजींचा राग खोटा नाहीये हां. मिळतं का, हा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. फक्त आपण तो चुकीच्या मापाने मोजतो आणि पालिकेला ते माप फार सोयीचं पडतं. नालेसफाई बघा, दर मे महिन्यात बातमी काय, तर इतके टक्के गाळ काढला. गाळ टनात मोजायचा, ठेकेदाराला पैसे टनावर द्यायचे, आणि पाणी तुंबलं की नाही हा वेगळाच विषय. मिठी नदीतल्या गाळाच्या कंत्राटांवरून २०२५ मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आरोप काय तर न काढलेल्या गाळाची बिलं. आरोप सिद्ध व्हायचे तेव्हा होतील, पण असा घोळ होऊ शकतो याचं कोणाला आश्चर्य वाटलं का? रस्त्यांचं तेच, इतके किलोमीटर काँक्रीट झालं, इतके हजार कोटी खर्च झाले. खर्च झाला हेच काम झाल्याचं सर्टिफिकेट.

दादर-परळच्या हिंदमाता चौकाची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस मुंबईकर विसरणार नाहीत, पण हिंदमाताला तुंबायला एवढा पाऊस कधीच लागला नाही, तासभर जोरात पडला की कमरेएवढं पाणी, शाळेची पोरं दुकानांच्या पायऱ्यांवर अडकलेली. मग पालिकेने खरंच डोकं लावलं, प्रमोद महाजन कलापार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, पाणी तिकडे न्यायचं आणि भरती ओसरली की समुद्रात सोडायचं. आणि फरक पडला, पाणी भराभर ओसरायला लागलं, हे टीका करणाऱ्यांनाही कबूल करावं लागलं. मग आलं २६ मे २०२५, पाऊस मुंबईत कधी नव्हे इतक्या लवकर दाखल झाला आणि हिंदमाता परत पाण्यात. का, तर पंप वेळेत चालूच झाले नाहीत. हिंदमातासकट चार ठिकाणच्या ठेकेदारांना दहा-दहा लाख दंड लावला पालिकेने. म्हणजे टाकी आहे, पंप आहे, पैसे खर्च झालेत, उद्घाटनाचे फोटो पण झालेत, फक्त बटण दाबणारा माणूस जागेवर नव्हता. बजेटमध्ये याचं उत्तर कुठल्या पानावर सापडणार?

इथलं काय घेण्यासारखं आहे म्हणाल तर रस्ते नाहीत, खड्डे आमच्याकडे पण आहेत. मला हेवा वाटतो तो मार्चमध्ये येणाऱ्या एका कागदाचा. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर ओळीने लिहिलेलं असतं, कौन्सिलला इतके, म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी इतके, पोलिसांना इतके, फायरब्रिगेडला इतके, आणि प्रत्येकासमोर मागच्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढ. मुंबईच्या बिलावर पण ओळी असतात बरं का, आईच्या जुन्या फाईलमध्ये आहेत, सर्वसाधारण कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, पथ कर, वृक्ष उपकर. पथ करातून कुठला पथ झाला आणि वृक्ष उपकरातून कुठलं झाड जगलं ते मात्र कोणी विचारायचं नाही! इथे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त टॅक्स वाढवायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं, किंवा बर्मिंगहॅमसारखी सरकारची खास परवानगी लागते. २०१५ मध्ये बेडफर्डशायरमध्ये पोलिसांसाठी वाढ मागितली, लोकांनी सरळ नाही म्हटलं. आणि वर्षातून तीस कामकाजाचे दिवस कुठल्याही मतदाराला कौन्सिलचे हिशोब उघडून बघता येतात. आमच्या शेजारच्या आजी, रिटायर्ड शिक्षिका, खरंच जातात, चष्मा आणि डबा घेऊन, आणि आल्या की आठवडाभर सगळ्या गल्लीला ऐकवतात.

मुंबईत मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, आणि आमच्या ग्रुपवर त्यावर पण "बरंय, निदान हफ्ते वाचले" असे मेसेज आले. अरे पण मग जाब विचारायचा कोणाला? जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली, २२७ नगरसेवक आले. त्यांच्याकडे गटारावरची नवीन झाकणं आणि सुशोभीकरण मागू नका, ते आपोआप येतंच. प्रत्येक पाणी तुंबणाऱ्या जागी एक बोर्ड मागा, पंप कोणाच्या ताब्यात, ड्युटीवर कोण, त्याचा फोन नंबर काय आणि मागच्या पावसात तो किती वाजता चालू झाला.