‘आधी लिनक्स टाक, मग ये’ हा सल्ला का चुकतो

मुंबईतल्या इंजिनीअरिंगच्या मुलांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात यायचं, तर आधी विंडोज काढून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. विंडोजवाल्यांना मुळात खुल्या कोडचा विचारच पटलेला नसतो, त्यांच्या अडचणी सोडवण्यात स्वयंसेवकांचा वेळ जातो, आणि आता डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) असताना त्यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. लिनक्स फुकट आहे, एका दुपारचं काम. मी स्वतः लिनक्स वापरतो आणि मला ते मनापासून आवडतं. तरीही या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा मला खोडायचा आहे.

आधी विचाराचं बघू. १९८० च्या दशकात ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची सुरुवातीची साधनं कंपन्यांच्या मालकीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसूनच लिहिली गेली. खुद्द लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड २००२ ते २००५ या काळात बिटकीपर या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये सांभाळला जात होता. ती सोय बंद झाली तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहिलं. नोटपॅड प्लस प्लस आणि सेव्हन-झिप तर विंडोजवरच जन्मले, आणि दोन्ही ओपन सोर्स आहेत. यावर आणखी बोलायची गरज वाटत नाही.

वेळ जातो, हे मात्र खरं आहे. विंडोजवर ओळ संपवायची खूण वेगळी, पाथमधली (फाइलच्या पत्त्यातली) तिरकी रेघ उलटी, फाइलच्या नावात कोलन चालत नाही, ‘एयूएक्स’ हे नाव विंडोजने राखून ठेवल्यामुळे त्या नावाची फाइल गिटमधून उतरतच नाही. पण यातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ आपल्याच कोडमधल्या गृहीतकांत असतं. नावात फक्त लहान-मोठ्या लिपीचा फरक असलेल्या दोन फाइल ठेवल्या, तर विंडोजइतकाच मॅकवरही साधारणपणे गोंधळ होतो.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण मराठीचंच आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) न सांगता मजकुराची फाइल उघडली, तर लिनक्सवर यूटीएफ-८ हे सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग धरलं जातं आणि सगळं सुरळीत चालतं. विंडोजवर मात्र बहुतेक वेळा १२५२ कोडपेज हे पश्चिम युरोपीय भाषांपुरतं जुनं एन्कोडिंग धरलं जातं. मग देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात, आणि हलन्त आला की प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, कारण हलन्ताच्या तीन बाइटपैकी शेवटच्या बाइटला त्या कोडपेजात जागाच नाही. म्हणजे ‘घर’ निदान वाचून तरी होतं, ‘रस्ता’ आला की ‘स्ता’तल्या हलन्ताने सगळं बंद. पायथॉन ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ धरायचं ठरलं आहे, पण जुन्या आवृत्त्या कॉलेजांच्या लॅबमध्ये बराच काळ राहतील. दुरुस्ती एका शब्दाची आहे, फाइल उघडताना यूटीएफ-८ सांगायचं. ती हवी आहे हे कळवतो तो विंडोजवर बसलेला मुलगा, आणि आपण त्यालाच दारातून परत पाठवतो!

डब्ल्यूएसएलचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्यात चालतं ते लिनक्सच. तिथे प्रोग्रॅम चालला म्हणून विंडोजवर चालेल असं नाही. शिवाय ते सुरू करायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात आणि दुसऱ्या आवृत्तीला बऱ्यापैकी रॅम लागते. चार जीबीच्या लॅपटॉपला ते पेलवत नाही.

राहिली ती एक दुपार. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या घरात एकच लॅपटॉप असतो. त्यावर वडिलांचं टॅली असतं, बहिणीचं ऑनलाइन कॉलेज असतं. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर काही बदलायची मुभा नसते. अशा मुलीला ‘डिस्क पुसून ये’ सांगणं म्हणजे येऊ नको म्हणणंच आहे. पवईत आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम बघा. सर्किट डिझाइनचं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराबरोबर विंडोजसाठीही दिलं जातं. जुनं मशीन विंडोज ११ पेलत नसेल, तर लिनक्सची शिफारस जरूर करावी, मीही करतो. फक्त ती प्रवेशाची अट नसावी.

तुमचा प्रकल्प गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सार्वजनिक असेल तर चाचण्यांसाठी विंडोजचं मशीनही फुकट मिळतं. रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) ‘सुडो एप्ट’ या उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकायच्या आज्ञेच्या ओळीखाली विंडोजची कृती लिहा, आणि ती एखाद्या विंडोजवाल्याकडूनच तपासून घ्या. कुणी ‘माझ्याकडे चालत नाही’ म्हणत आलं, तर त्याच्याकडून पूर्ण एरर मागून घ्या, पायथॉनची आवृत्ती विचारा, आणि दुरुस्ती सापडली की तो बदल त्यालाच पाठवू द्या.