काम प्रभूचं, मग सोडताना एवढं जड का जातं?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

बरेच दिवस मनात घोळत असलेलं आज लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, सेवेवर किती संदेश (प्रवचनं) होतात! पाचारण (देवाचं बोलावणं) कसं ओळखावं, कृपादानं (देवाने दिलेली दानं) कशी वापरावीत, थकवा आला तर काय करावं. पण हाती असलेली सेवा दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी यावर एखादा संदेश ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. आणि नाशिकमध्ये इतकी वर्षं मंडळीत वावरल्यावर माझं मत पक्कं झालंय की आपण देवाशी एकनिष्ठ आहोत की आपल्या कामाशी, हे त्याच वेळी कळतं. काम जोरात चाललेलं असतं तोवर हा फरक कुणालाच दिसत नाही, आपल्याला स्वतःलाही नाही. "प्रभू, हे सगळं तुझंच आहे" अशी प्रार्थना रोज होते आणि ती खोटीही नसते. मग एक दिवस पास्टरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) निवडणूक येते, किंवा पेटी वाजवायला नवा मुलगा तयार होतो, किंवा रविवार शाळेच्या कपाटाची किल्ली कुणीतरी मागतं. त्या किल्लीवरून बोलणं बंद झालेली माणसं मी पाहिली आहेत. प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांकडे बघत नाहीत.

या बाबतीत पवित्र शास्त्रातली बापलेकाची एक जोडी मला फार शिकवते. बाप शौल, इस्राएलाचा पहिला राजा, आणि लेक योनाथान.

शौलाची सुरुवात आठवा. राजा म्हणून त्याचं नाव निघालं तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. एवढा संकोची, एवढा साधा. पण पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायापर्यंत आलो की हाच माणूस कर्मेलात स्वतःचं स्मारक उभं करतो. देवाने सांगितलेलं अर्धंच करतो, उत्तम मेंढरं-गुरं राखून ठेवतो आणि वर म्हणतो, ही देवाला यज्ञ करायला आणलीत. शमुवेल संदेष्टा त्याला सांगतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. शौल पाप कबूल करतो, आणि लगेच पुढे काय मागतो? माझ्या लोकांच्या वडील मंडळींसमोर माझा मान राख. या वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. क्षमा मागत असतानाही त्याचा एक डोळा लोकांवर आहे. राज्य त्याच्या हातून गेलेलंच होतं, पण पुढची सगळी वर्षं त्याने ते धरून ठेवण्यात घालवली. राजाचं काम बाजूला राहिलं आणि त्याच्या जागी देवाने निवडलेल्या दाविदाचा डोंगरदऱ्यांतून पाठलाग तेवढा उरला.

आता योनाथान. गादीचा वारस तो. पराक्रमात कुठे कमी नाही, शत्रूच्या, पलिष्ट्यांच्या ठाण्यावर एका शस्त्रवाहकाला घेऊन चढून गेलेला माणूस. तो आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला, एका मेंढपाळ पोराला, देतो. पुढे रानात दाविदाला भेटून सांगतो की तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल राहीन. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती. देवाने दुसरा माणूस निवडलाय हे त्याने ओळखलं आणि त्या माणसाचा हात बळकट केला. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेली ही दोन माणसं. म्हणून "आमचा स्वभावच असा" हे कारण मला पटत नाही.

योनाथानाला हे कसं जमलं असेल? मला वाटतं, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. येशू शिष्यांचे पाय धुवायला उठला त्याच्या आधीचं वचन आपण घाईत वाचून पुढे जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललो आहोत, हे ठाऊक असताना तो उठला आणि कमरेला रुमाल बांधला. आपण कोण आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तो खाली बसू शकला. आणि पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. ज्याची सगळी ओळख "अमुक मंडळीचे सेक्रेटरी" एवढ्यावरच उभी आहे, त्याला खाली बसणं म्हणजे मरण वाटणारच. त्या माणसाचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. देवाचं लेकरू म्हणून त्याची किंमत आहे हे आपण मंडळी त्याला कधी जाणवू देतो का? आपणही त्याला पदानेच हाक मारतो.

नाशिककरांना हे शिकायला लांब जायला नको. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली, हातकामं शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेतल्या याओ समाजातला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, सुटका होऊन नाशिकला आलेला. १८७२ मध्ये तो आणि शरणपूरचे आणखी काही तरुण आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या मदतीला गेलेल्या तुकडीत सामील झाले. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सकाळी तो बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत सापडला. ज्याच्यासाठी आलो तोच गेला, आता घरी जाऊ, असं त्या माणसांनी म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं. अंत्यविधीचा पाठ जेकबने वाचला, झाडाच्या खोडावर लेख त्याने कोरला. मग देह वाळवून, गुंडाळून, दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत ती माणसं समुद्रकाठी बागामोयोला पोचली. वाटेत आजारपण, भीती, मरण, सगळं होतं.

१८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. त्या थडग्यावरच्या शिळेवर सुरुवातीलाच लिहिलंय की विश्वासू हातांनी याला भूमी आणि समुद्र ओलांडून इथे आणलं. हात कुणाचे, त्यांची नावं तिथे नाहीत. त्या हातांतले काही आपल्या नाशिकच्या शाळेत घडलेले. मला याचा अभिमान वाटतो, आणि खंतही, कारण आपल्याच मुलांना जेकबचं नाव माहीत नाही. ते सांगितलं पाहिजे. पण जेकबने ते काम नाव कोरलं जावं म्हणून केलं नव्हतं, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. "मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे" हे वचन दिंडोरी-निफाडकडच्या विश्वासणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा बाग बघवत नाही. भर उन्हात नुसते ओलांडे (वेलीचे जाड फाटे) उरतात, सावलीपुरतंही पान नाही. त्या छाटणीला फळ घ्यायचंच नसतं. नवी काडी तयार व्हावी, तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची गर्भधारणा व्हावी, यासाठी ती छाटणी. फळ येतं ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. म्हणजे वर्षाला दोनदा कात्री आणि एकदा माल. आणि प्रभू तिथे काय म्हणतो? फळ न देणारा फाटा काढून टाकला जातो हे आपल्याला पाठ असतं. पण फळ देणाऱ्या फाट्यालाही तो सोडत नाही, अधिक फळ यावं म्हणून त्याचीही साफसूफ करतो. तरुण संघ तुमच्या काळात भरला, वाढला, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, तर ती शिक्षाच आहे असं धरून चालू नका. पहिल्या मंडळीतल्या सुवार्तिक फिलिप्पाचंही तसंच झालं. शोमरोनात लोक झुंडीने ऐकत असताना देवाच्या दूताने त्याला गाझाकडच्या ओसाड रस्त्यावर पाठवलं, एका रथातल्या एका माणसासाठी.

नारायण वामन टिळकांबद्दल इथे लिहिलं नाही तर चुकल्यासारखं होईल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनमध्ये मानाच्या जागी होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून उभे राहिले, 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. १९१९ मध्ये ते गेले. मिळालेली जागा आपण होऊन सोडणारा माणूस म्हणून त्यांचं उदाहरण सगळेच देतात, आणि ते योग्यच आहे. पण मला बाई म्हणून लक्ष्मीबाईंकडे बघावंसं वाटतं. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या. नवरा हातात असेल ते दुसऱ्याला देऊन मोकळा, आणि घरात रांधायचं काय ही काळजी हिची. एका माणसाच्या समर्पणाचा भार बहुतेक वेळा घरातली दुसरी कुणीतरी उचलते. आजही पाळकांची (पास्टरांची) बदली होते तेव्हा "प्रभूची इच्छा" म्हणून सामान बांधलं जातं, पण मुलांच्या शाळेचे दाखले, नवं घर, पुन्हा अनोळखी माणसं, हे सगळं पाळकीणबाईंच्या वाट्याला येतं. त्यांच्या या देण्याचा उल्लेख निरोपसमारंभात एका वाक्यात उरकतो. मला हे बरोबर वाटत नाही.

आता जे लिहिते आहे ते काहींना टोचेल. नम्रतेचा उपदेश आपल्याकडे बहुधा वरून खाली होतो. मानधन वेळेवर मिळत नाही म्हणून बायबलबाईने (घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या सेविकेने) विचारलं तर तिला सांगायचं, ताई, नम्र राहा, फळ स्वर्गात आहे. हिशेब मागणाऱ्या तरुणाला सांगायचं, अधीन राहा. हे पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणते. प्रमुख याजकाच्या चौकशीत शिपायाने येशूच्या तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं. त्याच रात्री गेथशेमाने बागेत "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" अशी प्रार्थना केलेला हाच येशू. पित्यापुढे पूर्ण नमलेला माणूस अन्याय करणाऱ्याला ताठ मानेने प्रश्न विचारू शकतो. शरण जायचं ते देवाला, कमिटीला नाही. योहानाने तर पत्रात नाव घेऊन लिहिलं की अग्रगण्य होण्याची लालसा धरणारा दियत्रफेस आमचा स्वीकार करत नाही. प्रीतीचा प्रेषित म्हणतो आपण योहानाला, आणि त्यानेही हे झाकून ठेवलं नाही. म्हणून नम्रतेच्या नावाखाली खोटे हिशेब पोटात घालायला सांगणाऱ्यांचं मी ऐकणार नाही, आणि तुम्हीही ऐकू नका.

सातपूरकडच्या एका मंडळीतले काका मला माहीत आहेत. कंपनीत नोकरी सांभाळून त्यांनी मंडळीचं खजिनदारपद कित्येक वर्षं सांभाळलं. नव्या माणसाची निवड झाली त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या वह्या, पावतीपुस्तकं, बँकेची कागदपत्रं त्याच्या घरी स्वतः नेऊन दिली आणि दोन संध्याकाळ बसून एकेक नोंद समजावली. आता ते रविवारी लवकर येऊन सतरंज्या अंथरतात. नव्या खजिनदाराने नोंदींची पद्धत बदलली, त्यावर त्यांना मी विचारलं. म्हणाले, "त्याला कळतं तसं तो करील. मी सुरुवात केली तेव्हा मलाही कुणी मध्ये मध्ये टोकलं नव्हतं." माझ्या मते आमच्या भागातली ही फार मोठी सेवा आहे. त्यांचा सत्कार करावा असं दोघातिघांनी सुचवलं, त्यांनी हात जोडून नको म्हटलं.

तर माझी विनंती एवढीच. जूनमध्ये शाळांबरोबर रविवार शाळेचेही नवे वर्ग सुरू होतील. तुमच्या मंडळीत विशी-पंचविशीतली एखादी मुलगी असेल, एखादा मुलगा असेल, ज्याच्या मनात मुलांना शिकवायचं आहे पण जागा रिकामी नाही म्हणून तो मागच्या बाकावर बसतो. त्याला वर्ग द्या. कपाटाची किल्ली द्या, हजेरीवही द्या. कुठल्या मुलाच्या घरी बाप पितो, कुठली मुलगी सकाळचं न खाता येते, तेही सांगा, कारण ते वहीत लिहिलेलं नसतं. मग आपण त्या वर्गातून बाहेर पडा, दाराशी उभं राहून ऐकू नका. पहिल्या रविवारी तो गडबडला तर दुसऱ्या रविवारीही त्यालाच उभं करा.