मागची सर्व्हिस कधी झाली, हे मला कुणी सांगेल का?

सेकंडहँड गाडी घेऊन चार महिने झाले आणि गॅरेजमध्ये गेलं की दर वेळी तोच प्रश्न: "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" अहो, मला कुठून कळणार! आधीच्या मालकाने एकही बिल जपून ठेवलेलं नाही. सर्व्हिस बुकात पहिले तीन शिक्के, पुढे सगळी पानं कोरी. "गाडी एकदम मेंटेन्ड आहे" हे मात्र छातीठोकपणे सांगितलं होतं.

इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) यांची वेळ जुळवणारा हा बेल्ट रबराचा असतो, बाहेरून बघून त्याचं उरलेलं आयुष्य कळत नाही. चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. म्हणून गुपचूप नवा टाकून घेतला. कदाचित जुना अजून चालला असता. कोण सांगणार?

ब्रेक ऑइलचीही तीच गत. ते हवेतली ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून साधारण २ वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या गाडीतलं काळपट झालेलं निघालं. लांबच्या घाटउतारावर ब्रेक तापून ते ऑइल उकळलं असतं आणि पेडल खाली गेलं असतं तर? या गाडीत माझी मुलं बसतात!

टायरवर निदान तारीख तरी छापलेली असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. बाकी सगळा अंदाज. साधी बिलांची एक फाइल ठेवायला असे किती कष्ट पडतात हो?