दिसला तर मारू ना!

युद्धाच्या गेममध्ये रणगाडा अंगावर आला तर माझी तक्रार नसते. तो बिचारा खडखडाट करत, धूळ उडवत, सभ्य गृहस्थासारखा समोरून येतो. पळायचं की मरायचं, एवढंच आपण ठरवायचं. माझं वैर आहे ते स्नायपरशी. कुठून तरी एक गोळी सुटते, सहाच्या तुकडीतला एक गडी आडवा होतो आणि उरलेले पाच जण जणू काही घडलंच नाही अशा थाटात उभे. मी स्क्रीनला नाक लावून बघतो. कुंपण आहे, झुडूप आहे, पडकं घर आहे. माणूस नाही. तोवर पाचाचे चार झालेले असतात.

माझ्याविरुद्ध खेळत असतो माझा भाचा. पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज येतो, "मामा, डिटेक्टर आण की!"

सल्ला बरोबर असतो, हेच जास्त झोंबतं. ‘कंपनी ऑफ हीरोज’मध्ये (२००६) लपलेला स्नायपर उघडा पाडणारा डिटेक्टर म्हणून अमेरिकनांकडे जीप असते, जर्मनांकडे मोटरसायकल. जीप जवळ गेली की तो दिसू लागतो. आता जवळ जायचं म्हणजे नेमकं कुणाच्या, हे कळायला तो आधी दिसायला हवा, हा माझा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही. त्यातून ती जीप इतकी नाजूक, की रायफलवाल्यांनी जरा मनावर घेतलं की तिचा धूर निघतो. स्नायपर सापडत नाही, जीप मात्र सगळ्यांना सापडते.

बरं, मग आपणच स्नायपर घ्यावा? अख्ख्या तुकडीपेक्षा तो एकटा महाग. काळजावर दगड ठेवून घेतला. तर त्याला लपायचं असेल तेव्हा बंदूक गप्प ठेवावी लागते, आणि गोळी झाडली की तो उघडा पडतो. म्हणजे लपतो तेव्हा मारत नाही, मारतो तेव्हा लपत नाही. भाच्याचा स्नायपर हाच, नियमही हेच. पण तो गोळी झाडून पुन्हा झुडपात गडप होतो. माझा गोळी झाडून तिथेच उभा राहतो, बहुधा शाबासकीची वाट बघत.

‘स्टारक्राफ्ट’ची (१९९८) तऱ्हा आणखी वेगळी. तिथला घोस्ट नावाचा सैनिक ऊर्जा असेपर्यंत अदृश्य राहतो. नीट पाहिलं तर तो असतो तिथली जमीन किंचित थरथरताना दिसते. मला ती एकदा दिसली! मी आनंदाने ओरडलो, सैनिकांना हल्ल्याचा हुकूम द्यायला गेलो, तर क्लिकच बसेना. डिटेक्टर नसेल तर मालकाला दिसून उपयोग नाही, शिपायांना दिसावं लागतं. त्यात हा घोस्ट अणुबॉम्बही बोलावतो. बॉम्ब सुटल्याची घोषणा खणखणीत आवाजात होते, पण कुठे पडणार ते कुणी सांगत नाही. जमिनीवर एक बारका लाल ठिपका लुकलुकत असतो, तो आपण शोधायचा. पडायच्या आत घोस्टला मारलं तर बॉम्ब रद्द! नियम म्हणून सुंदर आहे. मी अजून ठिपकाच शोधतोय.

त्या गेममध्ये झर्ग या परग्रही जमातीकडून खेळणाऱ्यांची मजा होती. त्यांचे आकाशात तरंगणारे ओव्हरलॉर्ड फुकटात डिटेक्टरचं काम करत. ते कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं असावं. दुसऱ्या भागात (२०१०) ती सोय काढून घेतली.

‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’मधला (२००३) जार्मन केल हा स्नायपर तर माणुसकी सोडलेला. तो रणगाड्याला हात लावत नाही, आतला चालक तेवढा टिपतो. रणगाडा ठणठणीत, फक्त बेवारस. मग भाच्याचा एखादा फाटका शिपाई रमतगमत येतो, आत बसतो आणि माझ्याच रणगाड्याची नळी माझ्याकडे वळवतो.

पहिल्या महायुद्धात यावर एक तोड निघाली होती. ब्रिटिश मेजर हेस्केथ-प्रिचर्ड कागदाच्या लगद्याची मुंडकी काठीवर लावून खंदकाबाहेर काढत. जर्मन स्नायपर गोळी झाडे, मुंडक्याला पुढून-मागून दोन भोकं पडत. त्या भोकांच्या रेषेत पेरिस्कोप धरला की गोळीवाल्याचा पत्ता सापडे. वाचून मी हरखलो. गेममध्ये कागदी मुंडकं मिळत नाही, म्हणून खरा सैनिक उघड्यावर उभा केला. गोळी आली, क्षणभर भाच्याचा स्नायपर दिसला, तुकडीने बंदुका रोखल्या, तोवर तो गडप झाला. सैनिकही गेला.

शेवटी जीपच कामी आली. बेसवरून निघून भलत्याच कामाला चालली होती, वाटेत कुंपणाआड हा गडी उघडा पडला. मग काय, सगळं सोडून जीप त्याच्यामागे सोडली. तो पळतोय, जीप मागे, मी खुर्चीतून उठून उभा. आणि मेला एकदाचा!

पलीकडच्या खोलीत शांतता. मग दार उघडलं.

"मामा, एका माणसामागे गाडी घालतात का? हा रडीचा डाव आहे. पुढच्या वेळी जीप बंद."

"मग स्नायपरही बंद."

"ते नाही जमायचं."

वाटाघाटी चालू आहेत. तोवर मी आणखी दोन जीप मागवून ठेवल्या आहेत.