मागचे इंडिकेटर लाल चालतात? खुलासा

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: ‘मागचे इंडिकेटर आता लाल लावले तरी चालतात, अमेरिकेत तसेच असतात.’ मीही तो न तपासता पुढे पाठवला होता. चूक झाली, माफ करा.

अमेरिकेचं खरं आहे. तिथे मागे लाल किंवा पिवळसर नारिंगी, दोन्ही चालतात. आपल्याकडे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 102 मी स्वतः वाचला. इंडिकेटरचा रंग पिवळसर नारिंगीच हवा आणि तो मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे.

वायरिंगचं काम करतो म्हणून सांगतो. परवा केळीची एक गाडी आली, मागे सगळे लाल दिवे. ड्रायव्हरला ब्रेक दाबून उजवा इंडिकेटर द्यायला लावला आणि वीस पावलं मागे जाऊन पाहिलं. ब्रेकच्या लाल उजेडात इंडिकेटरची उघडझाप कळतच नव्हती. मागच्या मोटरसायकलवाल्याला वाटणार, गाडी नुसती थांबतेय. तो उजवीकडूनच पुढे काढणार. अमेरिकेच्याच रस्ता सुरक्षा खात्याने 2009 मध्ये तपासलं, तेव्हा पिवळसर नारिंगी इंडिकेटरमुळे वळणाऱ्या गाडीला मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांनी कमी निघालं.

भाऊ, तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. लाल काच बसवली असेल तर बदलून घ्या, ट्रॉलीचीही.