अर्धी पुडी

आज दुपारी शेजारच्यांचं दीड वर्षाचं पोर जुलाबांनी पार मलूल पडलेलं. ओट्यावर स्टीलच्या पेल्यात ओआरएसची (जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची) अर्धी पुडी कालवलेली, आणि उरलेली अर्धी कपड्याचा चिमटा लावून संध्याकाळसाठी राखून ठेवलेली. आई शिकलेली, नोकरी करणारी. तिच्यावर राग नाही, पण डोकं तापलं ते तापलंच.

अहो, ती मोठी पुडी १ लिटरची असते! १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी एकदम घालायची. नंतर उकळायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, वर छापलेलं असतं, वाचा की जरा. पेलाभर, म्हणजे २०० मिली पाण्यात मोठी अर्धी पुडी म्हणजे अडीच पट कडक पाणी. ते पोटात गेलं की आतडं अंगातलंच पाणी ओढतं, जुलाब वाढतात, रक्तात मीठ चढतं. मग आपणच म्हणायचं, ‘आमच्या बाळाला ओआरएस मानवत नाही.’

यातली साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशींत मीठ आणि ग्लुकोज जोडीनं शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते, म्हणून तर मापाला एवढी किंमत. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मापात मिसळून ते पाणी नातेवाइकांच्याच हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं. छावणीतल्या चिखलात बसून त्या आयाबायांनी हे केलं, आणि आपल्या टाइल्सच्या ओट्यावर अर्धी पुडी!

ओआरएसऐवजी संत्र्याच्या चवीच्या गोड पेयांचे खोके आणून पाजणाऱ्यांनो, त्यात साखर भरमसाट आणि मीठ नावाला. त्यानं जुलाब वाढतात. नका देऊ.

त्या घरातल्या आजी ‘पाणी तोडा’ म्हणत होत्या. ते चूकच. पण मीठ घातलेली भाताची पेज त्यांनीच सुचवली आणि ती अगदी बरोबर: तांदळाच्या पिठुळातून ग्लुकोज हळूहळू सुटतो. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिली. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध चालूच ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस पूर्ण करा, जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका.

हो, कधीकधी सलाईन लागतंच. पोर पीतच नाही, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, शौचात रक्त आहे, तर ही पोस्ट वाचत बसू नका. उठा, दवाखाना गाठा.

तो पेला मोरीत रिकामा झाला. आईनं पाण्याची बाटली मापून नवी अख्खी पुडी घातली आणि मांडीवर घेऊन चमच्यानं भरवत राहिली. रात्री साडेनऊला पोरानं भरपूर शू केली.